‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणजे नेमके काय?

‘वेधशाळा सांगते त्याच्या उलट घडते’ हा समज खानदेशात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. जळगाव जिल्ह्यासाठी पावसाचा अंदाज असताना रावेरला सरी कोसळल्या आणि चाळीसगाव कोरडे राहिले, की अंदाज चुकला असे ठरवून आपण मोकळे होतो. बहुतेक वेळा तो चुकलेला नसतो, अर्धाच वाचलेला असतो.

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातील 25 टक्क्यांपर्यंत पर्जन्यमापन केंद्रांवर पाऊस, ‘काही ठिकाणी’ म्हणजे 26 ते 50 टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे 51 ते 75 टक्के आणि त्याहून अधिक असल्यास ‘बहुतांश ठिकाणी’. म्हणजे तुरळक पावसाच्या अंदाजात तीन चतुर्थांश केंद्रे कोरडी राहणे गृहीतच असते.

उपग्रह, रडार आणि जमिनीवरील केंद्रांच्या नोंदी एकत्र करून संगणकीय प्रारूपे हा अंदाज बांधतात. मे 2025 मध्ये सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ या अंदाज प्रणालीमध्ये अंदाजाची मांडणी 12 ऐवजी 6 किलोमीटरच्या चौकटींवर आली, सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीकाठापर्यंत पाऊस झपाट्याने बदलणाऱ्या आपल्या पट्ट्यासाठी हा बदल मला फार मोलाचा वाटतो. कपाशीवरील फवारणी कधी करावी, केळीला वाऱ्यापूर्वी आधार कधी द्यावा, हे कृषी सल्लागार याच माहितीवरून सांगतात. जिल्हानिहाय कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो; तो वाचताना ‘पाऊस’ या शब्दाआधी कोणते विशेषण आहे, ते अवश्य पाहावे.