आधी बाई, मग नियम: युरोपातल्या नोकरीतला हिजाब

बेल्जियममधल्या जी फोर एस या सुरक्षा कंपनीनं १२ जून २००६ रोजी आपल्या एका रिसेप्शनिस्टला कामावरून काढलं. ती तिथं तीन वर्षं नोकरी करत होती. यापुढे कामावरही डोक्याला हिजाब बांधून येणार, असं तिनं त्या एप्रिलमध्ये साहेबांना सांगितलं होतं. कंपनीचं उत्तर असं की, धार्मिक, राजकीय किंवा वैचारिक खुणा अंगावर मिरवायच्या नाहीत, असा आमच्याकडे अलिखित नियम आहे. मग तो नियम घाईनं कागदावर आला. मेअखेर कर्मचारी परिषदेनं त्याला मान्यता दिली आणि तो लागू झाला १३ जूनला, म्हणजे तिची नोकरी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी.

युरोपातल्या या खटल्यांच्या तारखा एकाखाली एक मांडल्या, की हा क्रम वारंवार दिसतो. नियम आधीपासून होता आणि बाईनं तो मोडला, असं फार कमी वेळा घडलं आहे.

खरं तर सुरुवात वेगळी झाली होती. जर्मनीतल्या हेसन राज्यात एका गावातल्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये अत्तरं-प्रसाधनांच्या विभागात काम करणारी विक्रेती मूल झाल्यानंतरच्या रजेवरून परतली ती हिजाब घेण्याचा निर्णय करूनच. गिऱ्हाइकं बिचकतील म्हणून मालकानं तिला काढलं. जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयानं ऑक्टोबर २००२ मध्ये मालकालाच विचारलं, गिऱ्हाइकं खरंच तुटली का? नुसत्या धास्तीवर कुणाची नोकरी घेता येणार नाही. ती जिंकली.

सरकारी नोकरीचं गणित मात्र निराळं निघालं. अफगाणिस्तानात जन्मलेल्या फेरेश्ता लुदिन यांना बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यानं हिजाबमुळे शिक्षिकेची नोकरी नाकारली. घटना न्यायालयानं सप्टेंबर २००३ मध्ये त्यांच्या बाजूनं कौल दिला, पण कारण मोठं चमत्कारिक होतं: अशी बंदी घालायची तर त्यासाठी कायदा हवा, आणि तो तुमच्याकडे नाही. राज्यांनी इशारा ओळखला. पुढच्याच वर्षी बाडेन-व्युर्टेंबर्गनं कायदा केला आणि पाठोपाठ इतर राज्यांनीही. म्हणजे लुदिनबाई जिंकल्या आणि त्यातूनच बंदीचा रस्ता तयार झाला. सरसकट बंदी घटनेत बसत नाही, हे सांगायला त्याच न्यायालयाला २०१५ साल उजाडावं लागलं.

या सगळ्याच्या मुळाशी ‘तटस्थता’ हा शब्द आहे आणि त्याचं माहेर फ्रान्स. तिथं १९०५ च्या कायद्यानं चर्च आणि शासन यांची फारकत झाली. तटस्थ राहायचं ते शासनानं आणि म्हणून शासनाच्या नोकरानं. टपाल कचेरीत खिडकीच्या आत बसलेल्यानं खूण लावायची नाही, बाहेर रांगेत उभा राहील त्याला मोकळीक. हे निदान समजण्यासारखं होतं. २००४ च्या कायद्यानं सरकारी शाळांतल्या विद्यार्थ्यांवरही ठळक धार्मिक खुणांची बंदी आली, तेव्हा खिडकीबाहेरचे लोकही आत ओढले गेले. पुढची पायरी खासगी नोकरीची. पॅरिसजवळच्या ‘बेबी-लू’ या खासगी पाळणाघराची उपसंचालिका २००८ च्या डिसेंबरात मुलासाठी घेतलेल्या दीर्घ रजेवरून हिजाब घेऊन परतली आणि तिला काढण्यात आलं. सर्वोच्च अपील न्यायालयाच्या एका पीठानं २०१३ मध्ये तिच्या बाजूनं निकाल दिला, तर पूर्णपीठानं २०१४ मध्ये विरुद्ध. २०१६ च्या कामगार कायद्यानं खासगी मालकांनाही आपल्या नियमावलीत तटस्थतेचं कलम घालण्याची मुभा दिली. शासनाचं बंधन होतं, ते आता दुकानदाराचा हक्क झालं.

दरम्यान युरोपियन युनियननं नोव्हेंबर २००० मध्ये नोकरीतल्या भेदभावाविरुद्ध निर्देश काढला होता. त्यात धर्मही होता. त्याचा हिजाबच्या बाबतीत अर्थ काय, हे युनियनच्या लक्झेंबर्गमधल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं १४ मार्च २०१७ रोजी, एकाच दिवशी दोन खटल्यांत. पहिला त्या बेल्जियन रिसेप्शनिस्टचा. दुसरा फ्रान्समधल्या एका सॉफ्टवेअर अभियंता बाईंचा. ‘पुढच्या वेळी हिजाब नको’ असं ग्राहक कंपनीनं कळवल्यावर त्यांची नोकरी गेली होती. अभियंता बाईंबाबत न्यायालय म्हणालं, ग्राहकाची नापसंती ही काही त्या कामाची गरज होत नाही. रिसेप्शनिस्टबाबत म्हणालं, सगळ्या धर्मांच्या आणि विचारांच्या खुणांना सारखा लागू होणारा नियम असेल तर तो थेट भेदभाव नव्हे. मालकांनी यातून घ्यायचा तो धडा घेतला: ग्राहकाचं नाव काढू नका, नियम करून ठेवा.

सारखा लागू होणारा म्हणजे काय, यातच खरी गोम आहे. गळ्यातला क्रॉस सदऱ्याच्या आत सरकवता येतो. हिजाब कुठं सरकवणार? जुलै २०२१ मध्ये जर्मनीतल्या दोन खटल्यांत हा प्रश्न लक्झेंबर्गच्या न्यायालयापुढे आला. फक्त ‘ठळक, मोठ्या’ खुणांवर बंदी घालणं हा थेट भेदभाव ठरू शकतो, हे न्यायालयानं मान्य केलं आणि तटस्थता नुसती हवी म्हणून चालणार नाही, तिची खरी गरज दाखवा, अशी अटही घातली. त्यातला एक खटला हॅम्बुर्गच्या पाळणाघरातल्या शिक्षिकेचा. संस्थेनं तटस्थतेची सूचना काढली मार्च २०१८ मध्ये, ही बाई पालक-रजेवर असताना. मूल झाल्यावरची रजा या खटल्यांतून इतक्यांदा डोकावते, की योगायोग म्हणून सोडून द्यावंसं वाटत नाही. बाई काही काळ घरी असते, तेवढ्यात तिच्या श्रद्धेत बदल होतो किंवा कचेरीच्या नियमांत, आणि दोघांची गाठ पडते ती परतण्याच्या दिवशी.

अमेरिकेनं प्रश्न उलट्या बाजूनं धरला. नागरी हक्क कायद्यात १९७२ मध्ये दुरुस्ती झाली आणि मालकावर फार बोजा पडत नसेल तर कर्मचाऱ्याच्या धर्माचरणाची सोय करून देणं त्याच्यावर बंधनकारक झालं. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात २००८ मध्ये अॅबरक्रॉम्बी या कपड्यांच्या कंपनीनं सतरा वर्षांच्या एका मुलीला हिजाबमुळे नोकरी नाकारली. दुकानाच्या ‘लूक’मध्ये टोप्यांना मनाई होती. सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये आठ विरुद्ध एक मतानं कंपनीला चूक ठरवलं. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया पुरोगामी म्हणून कधीच ओळखले गेले नाहीत, पण त्यांनी स्पष्ट लिहिलं की हा कायदा धर्माचरणाबाबत नुसत्या तटस्थतेवर थांबत नाही, त्याला झुकतं माप देतो.

युरोपात झुकतं माप नाहीच. २०१७ च्या निकालात एक फट होती: ज्यांचा ग्राहकांशी संबंध येतो त्यांच्यापुरता नियम ठेवा आणि काढण्याआधी आतल्या बाजूची दुसरी जागा देता येते का, ते बघा. ती फट बेल्जियममधल्या आन्स नगरपालिकेच्या खटल्यात बुजली. तिथल्या एका महिला अधिकाऱ्यानं फेब्रुवारी २०२१ मध्ये कामावर हिजाब घेण्याची परवानगी मागितली. आधी ती नाकारली गेली आणि मग मार्चअखेर सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी संपूर्ण तटस्थतेचा नियम आला. २८ नोव्हेंबर २०२३ रोजी लक्झेंबर्गनं निकाल दिला, की सर्वांना सारखा आणि गरजेपुरता असेल तर असा नियम सरकारी कचेरीला करता येईल. तो तसा आहे का, हे लिएजच्या कामगार न्यायालयानं पाहावं. या अधिकारी बाईंचं काम मुळातच आतल्या बाजूचं होतं. नागरिक त्यांच्यापर्यंत फारसे पोचतच नव्हते.