खुकरी : घेण्याआधी आणि घेतल्यानंतर

दुकानात आलेले ग्राहक सर्वांत आधी विचारतात ते हेच : म्यानातून काढलेली खुकरी, म्हणजे गोरख्यांचा बाकदार सुरा, रक्त पाजल्याशिवाय परत ठेवायची नाही, हे खरे का? अजिबात नाही. नेपाळच्या डोंगरी गावांत हीच खुकरी सरपण तोडते, भाजी चिरते, दसैंच्या (तिथल्या दसऱ्याच्या) सणाला बोकड कापते. दिवसभरात ती कितीदा तरी म्यानाबाहेर येते.

मग हा दबदबा आला कुठून? तो माणसांनी मिळवलेला आहे. १८१४ साली डेहराडूनजवळच्या नालापानीच्या किल्ल्यात गोरख्यांचे सेनानी बलभद्र कुंवर मूठभर लोकांनिशी इंग्रजांशी लढले. इंग्रजांचा सेनापती जनरल गिलेस्पी तिथेच पडला. किल्ल्याचे पाणी तोडल्यावर उरलेले गोरखे शस्त्रे हातात घेऊन वेढ्यातून बाहेर पडले. इंग्रजांनी पुढे तिथे या शूर शत्रूचेही स्मारक उभारले, आणि १८१५ पासून गोरख्यांना आपल्याच फौजेत भरती करायला सुरुवात केली.

आपल्या सैन्यातले उदाहरण तर अगदी अलीकडचे. नोव्हेंबर १९७१ मध्ये ५ गोरखा रायफल्सच्या चौथ्या पलटणीने आजच्या बांगलादेशातल्या सिल्हेट भागातले आटग्राम हे पाकिस्तानी ठाणे खुकऱ्या उपसून घेतले. पलटणीचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल अरुण हरोलीकर. त्यांना महावीर चक्र मिळाले. याच पलटणीतले, मुंबईत जन्मलेले मेजर इयान कार्डोझो यांचा पाय सुरुंगावर पडून निकामी झाला. जवळ ना भुलीचे औषध, ना शस्त्रक्रियेची साधने. त्यांनी स्वतःच्या खुकरीने तो पाय कापून टाकला आणि पुढे कृत्रिम पायावर पलटणीचे, नंतर ब्रिगेडचेही नेतृत्व केले. आमच्याकडची खुकरी हातात घेताना हे आठवावे, असे आम्हाला मनापासून वाटते. भिंतीवर लावायलाच हवी असेल तरी लावा, पण खेळणे म्हणून कुणाच्या हाती देऊ नका.

आता वस्तूविषयी. चांगली खुकरी बहुधा ट्रकच्या जुन्या पाट्याच्या पोलादातून घडवतात. पूर्व नेपाळातल्या भोजपूर, धरान भागातले विश्वकर्मा कारागीर यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पाते लालबुंद तापवून ते किटलीच्या तोटीने फक्त धारेवर पाणी सोडतात. त्यामुळे धार कडक होते, पाठ मात्र लवचीक राहते आणि घाव घातला तरी पाते तुटत नाही. म्हणूनच आमची कळकळीची विनंती : खुकरी इलेक्ट्रिक ग्राइंडरवर धरू नका. पाते तापले की धारेचे पाणी, म्हणजे तिचा कडकपणा, उतरते आणि ते घरी परत चढवता येत नाही. धारेच्या दगडावर, पात्याचा बाक सांभाळत, हळूहळू घासा. म्यानात दोन छोटी पाती असतात. त्यातली कर्दा किरकोळ कापाकापीसाठी, आणि बोथट चकमक मुख्य धार सरळ करण्यासाठी.

मूठ शिसवी लाकडाची किंवा म्हशीच्या शिंगाची असते आणि जुन्या पद्धतीत ती लाखेने बसवतात. गरम पाण्याने धुतली किंवा उन्हात गाडीत राहिली, तर लाख मऊ होऊन मूठ हलू लागते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, खुकरी म्यानात ठेवून विसरू नका. चामडे ओल धरते आणि पात्यावर गंज चढतो. पाते कोरडे पुसा, शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा आणि वेगळे कापडात गुंडाळून ठेवा. स्वयंपाकात वापरणार असाल तर मशीनचे तेल नको, खाण्याचेच तेल लावा.

सर्वांत महत्त्वाचे : उपसताना म्यान पात्याच्या पाठीच्या बाजूने धरा, बोटे धारेच्या बाजूला कधीही गुंडाळू नका. म्यानाची शिवण जुनी झाली की पाते ती चिरून बाहेर येते. नव्या ग्राहकांना होणाऱ्या बहुतेक जखमा याच चुकीमुळे होतात. परत ठेवतानाही पाठ म्यानाला टेकवूनच सरकवा.

कायद्याचेही बघा. शस्त्र नियमांनुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे धारदार हत्यार घरगुती वा शेतीच्या कामाचे नसेल, तर ते शस्त्रांत मोडते. बहुतेक खुकऱ्यांची पाती १० इंच किंवा त्याहून मोठी असतात. तुमच्या भागात परवाना लागतो का, हे खरेदीआधी पोलीस ठाण्यात विचारा. कमरेला लावून बाजारात, मिरवणुकीत फिरू नका. विमानप्रवासात ती हातातल्या बॅगेत चालत नाही. धार लावायला किंवा मूठ बसवायला आमच्याकडे आणाल, तेव्हा म्यानासकट, वरून जाड कापड बांधून आणा.