दिव्यांगता व वार्धक्य सेवा आयोग, सॅन फ्रान्सिस्को

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील सॅन फ्रान्सिस्को शहरात वृद्ध, दिव्यांग प्रौढ आणि माजी सैनिक यांच्यासाठी एक स्वतंत्र नगरखाते आहे. त्याच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या सात सदस्यांच्या नागरिक मंडळास ‘डिसॅबिलिटी अँड एजिंग सर्व्हिसेस कमिशन’ असे नाव आहे. ‘कमिशन’ला मराठीत ‘आयोग’ म्हणण्याची रीत असली, तरी चौकशी करून अहवाल देणारा किंवा तक्रारींचा निवाडा करणारा आयोग येथे अभिप्रेत नाही. सदस्यांची नेमणूक महापौर करतो. घरी जेवण पोहोचवणे, छळाच्या तक्रारीचा तपास करणे, एकाकी माणसाच्या निवृत्तिवेतनाचा हिशेब सांभाळणे ही कामे खाते व त्याच्याशी करारबद्ध असलेल्या संस्था करतात. खात्याचा अर्थसंकल्प, संस्थांना द्यावयाची कंत्राटे आणि धोरणाचे मसुदे आयोगापुढे येतात व त्यांवर खुल्या सभेत मतदान होते.

सभा खुली असणे हा येथे शिष्टाचार नसून कायदा आहे. कॅलिफोर्नियाच्या १९५३ च्या ब्राउन कायद्यानुसार नियमित सभेची विषयपत्रिका किमान ७२ तास आधी जाहीर करावी लागते आणि उपस्थितांना बोलू द्यावे लागते. त्यामुळे एखाद्या वृद्ध केंद्राचे अनुदान कमी होणार असेल, तर तेथे रोज दुपारी जेवायला येणारी माणसे सदस्यांसमोर उभी राहून आपले म्हणणे मांडू शकतात. आयोगाची खरी उपयुक्तता ठरावांपेक्षा या प्रसंगांत अधिक दिसते.

मूळ संस्था केवळ वृद्धांसाठी होती. १९६५ च्या ‘ओल्डर अमेरिकन्स ॲक्ट’ या केंद्रीय कायद्याने साठीपुढील नागरिकांच्या सेवांसाठी निधी दिला आणि १९७३ च्या दुरुस्तीने तो स्थानिक यंत्रणांमार्फत खर्च करण्याची पद्धत बसवली. सॅन फ्रान्सिस्कोत ही स्थानिक यंत्रणा म्हणजे हेच खाते होय. दिव्यांगांची चळवळ मात्र वेगळ्या वाटेने आली. केंद्रीय निधी घेणाऱ्या कार्यक्रमांत दिव्यांगांशी भेदभाव करण्यास मनाई करणाऱ्या, पुनर्वसन कायद्याच्या ५०४ व्या कलमाचे नियम केंद्र सरकार लांबणीवर टाकत आहे हे पाहून ५ एप्रिल १९७७ रोजी शंभराहून अधिक आंदोलकांनी, ज्यांत बहुसंख्य दिव्यांग होते, शहरातील केंद्रीय कार्यालयाच्या इमारतीत ठिय्या दिला. तो जवळजवळ चार आठवडे चालला, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाच्या कार्यकर्त्यांनी आत गरम जेवण पोहोचवले आणि २८ एप्रिलला नियमांवर सही झाली. या चळवळीची मागणी दयेची नव्हती, हक्काची होती. ‘वृद्ध कल्याण’ या चौकटीत ती सहज बसणारी नव्हती, आणि पुढे दोन्ही गट एकाच खात्याकडे आले तेव्हाही पाटीवर वार्धक्याचा उल्लेख होता, दिव्यांगतेचा मात्र बराच काळ नव्हता.

ही विसंगती नोव्हेंबर २०१९ मध्ये दूर झाली. ‘प्रपोझिशन’ म्हणजे थेट मतदारांपुढे मतदानासाठी ठेवलेला प्रस्ताव; ‘प्रपोझिशन बी’ या, शहराच्या सनदेच्या म्हणजे मूलभूत कायद्याच्या दुरुस्तीस मतदारांनी संमती दिली, आणि आयोगाच्या व खात्याच्या नावात ‘दिव्यांगता’ हा शब्द आला, तोही वार्धक्याच्या आधी. त्याच दुरुस्तीने सातांपैकी तीन जागांसाठी पात्रता ठरवून दिली: एक सदस्य साठ वर्षांचा किंवा त्याहून मोठा, एक दिव्यांग आणि एक अमेरिकी सैन्यात सेवा केलेला असावा. नावापेक्षा ही अट महत्त्वाची मानली पाहिजे, कारण तिच्यामुळे सेवा घेणाऱ्यांपैकी कोणी तरी मत देणाऱ्यांच्या खुर्चीवर असण्याची कायमची सोय झाली.

पैशाची बाजूही मतदारांनीच बळकट केली. २०१६ च्या ‘प्रपोझिशन आय’ने ‘डिग्निटी फंड’ नावाचा राखीव निधी निर्माण केला. साठीपुढचे नागरिक आणि १८ वर्षांवरील दिव्यांग हे त्याचे लाभार्थी आहेत. आरंभी वर्षाला ३.८ कोटी डॉलरची किमान तरतूद, २०१७-१८ मध्ये ६० लाखांची वाढ आणि त्यानंतर २०२६-२७ पर्यंत दरवर्षी ३० लाखांची वाढ असे त्याचे गणित असून, या हिशेबाने अखेरीस रक्कम ७.१ कोटी डॉलरवर जाते. शहराला मोठी तूट अपेक्षित असेल, त्या वर्षी वाढ थांबवण्याची मुभा कायद्यातच आहे. दर चार वर्षांनी गरजांची पाहणी करून खर्चाची आखणी करावी लागते.

या गरजांना शहराच्या रचनेने विशिष्ट वळण दिले आहे. येथे मुलांपेक्षा साठीपुढची माणसे अधिक आहेत, चढउतार तीव्र आहेत, आणि चायनाटाउन व टेंडरलॉइन या वस्त्यांत अनेक वृद्ध जुन्या हॉटेलांतील एकेका खोलीत राहतात, जेथे संडास सामाईक असतो व पुष्कळदा स्वयंपाकघर नसते. अशा खोलीत राहणाऱ्याला शिधा देऊन उपयोग नाही, शिजवलेले अन्नच द्यावे लागते. लिफ्ट बंद पडली की वरच्या मजल्यावरचा माणूस घरातच अडकतो. सेवा देणाऱ्या संस्थाही वस्तीवस्तीतून उभ्या राहिल्या: १९६६ पासून काम करणारी ‘सेल्फ-हेल्प फॉर द एल्डरली’ चिनी वृद्धांत रुजली, तर ‘ओपनहाउस’ने समलिंगी व पारलिंगी ज्येष्ठांचा प्रश्न हाती घेतला.

सॅन फ्रान्सिस्को हे १८५६ पासून शहर व काउंटी (राज्याखालचा, जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) अशा दुहेरी रूपात एकच प्रशासन आहे. म्हणून राज्याने काउंट्यांवर सोपवलेली कामेही याच खात्याकडे येतात. त्यांत सर्वांत मोठे म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांना घरी मदतनीस मिळवून देणारी ‘इन-होम सपोर्टिव्ह सर्व्हिसेस’ ही योजना. तीत मदतनीस निवडण्याचा व काढण्याचा अधिकार मदत घेणाऱ्याकडे असतो, आणि पुष्कळ ठिकाणी हा मदतनीस घरचाच मुलगा, सून किंवा बहीण असते; तिला त्या कामाचे वेतन मिळते. मात्र या योजनेचे मूळ नियम राज्य व केंद्र ठरवत असल्यामुळे खात्याच्या या सर्वांत मोठ्या कामावर आयोगाचा हात फारसा पोहोचत नाही. इमारती व पदपथ यांच्या सुगम्यतेसाठी तर शहरात वेगळे कार्यालय आहे.

शहरात या आयोगासारखी मंडळे शंभराहून अधिक झाल्याने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘प्रपोझिशन ई’द्वारे, त्यांपैकी कोणती ठेवावीत, कोणती एकत्र करावीत व कोणती मोडावीत हे सुचवण्यासाठी पाच जणांचा कार्यगट नेमण्याचे ठरले.