सुरक्षा सेटिंगचं एआय स्किल पारखताना

उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरवर पासवर्डने होणारं एसएसएच लॉगिन, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून कमांड देण्यासाठी आत शिरणं, बंद करायचं आहे. एआय एजंट त्यासाठी दिलेलं स्किल, म्हणजे कामाच्या सूचनांचं फोल्डर, उघडतो, ‘एसएसएचडी_कॉन्फिग’ या मुख्य फाइलमध्ये ‘पासवर्डऑथेंटिकेशन’पुढे ‘नो’ लिहितो, सेवा रीस्टार्ट करतो आणि काम झाल्याचं कळवतो. फाइल उघडून पाहिली तर ‘नो’ दिसतंही. तरी बाहेरून पासवर्ड टाकला की दार उघडतं.

असं होतं, कारण एकच सेटिंग दोन ठिकाणी लिहिलं असेल तर एसएसएच सर्व्हर आधी सापडलेलं धरतो आणि नंतरचं सोडून देतो. उबंटूच्या मुख्य फाइलमध्ये अगदी वरच ‘इन्क्लूड’ची ओळ असते आणि तिच्यामुळे ‘एसएसएचडी_कॉन्फिग.डी’ या फोल्डरमधल्या फाइल्स आधी वाचल्या जातात. क्लाउडवर घेतलेल्या मशीनमध्ये क्लाउड-इनिटने (मशीन पहिल्यांदा सुरू होताना त्याची मांडणी करणाऱ्या प्रोग्रामने) तिथे स्वतःची फाइल ठेवलेली असू शकते. तिच्यात ‘येस’ असेल, तर खाली लिहिलेल्या ‘नो’कडे कोणी बघतच नाही. ‘एसएसएचडी’ ही कमांड कॅपिटल ‘टी’चा स्विच लावून रूटने (सगळे अधिकार असलेल्या युजरने) चालवली, की सगळ्या फाइल्स वाचून झाल्यावर प्रत्यक्ष लागू होणारी सेटिंग्ज छापून येतात. ‘मॅच’चे ब्लॉक असतील तर त्याच कमांडला कॅपिटल ‘सी’ जोडून युजर आणि पत्ताही सांगावा लागतो, कारण एखाद्या युजरपुरती सूट त्या ब्लॉकमध्ये दिलेली असू शकते. स्किलमध्ये या तपासणीची पायरी आहे का, हे मी सगळ्यात आधी पाहीन. फाइलमध्ये काय लिहिलं गेलं यावर गुण देणारी परीक्षा इथे नापास स्किललाही पास करते.

स्किल म्हणजे एक फोल्डर. त्यात सूचनांची एक मार्कडाउन फाइल असते, सोबत गरजेप्रमाणे स्क्रिप्ट आणि संदर्भाच्या फाइल्स. सूचनांच्या फाइलच्या माथ्यावर नाव आणि वर्णन असतं. नावाला ६४ अक्षरांची मर्यादा, वर्णनाला १०२४. एजंटला सुरुवातीला एवढंच दिसतं. समोरचं काम वर्णनाशी जुळलं तरच तो पुढचा मजकूर वाचतो. म्हणून वर्णनाची परीक्षा वेगळी घ्यावी लागते: स्किल उघडायलाच हवं अशी दहा वाक्यं आणि दिसायला जवळची, पण उघडू नये अशी दहा. ‘सर्व्हरचं एसएसएच सुरक्षित कर’ यावर ते उघडायला हवं. ‘माझी एसएसएच की हरवली, नवी कशी बनवू?’ यावर उघडलं, तर साध्या प्रश्नापायी कोणाच्या तरी सर्व्हरची सेटिंग्ज बदलली जातील.

खरी चाचणी होते ती फेकून देता येईल अशा व्हर्च्युअल मशीनवर. निव्वळ कंटेनरवर (मशीनच्या आतल्याच बंदिस्त कप्प्यावर) भागत नाही; त्यात बहुधा सेवा सुरू-बंद करणारं सिस्टमडी चालत नसतं, त्यामुळे सेवा रीस्टार्ट करण्यातले घोळ दिसतच नाहीत. कोऱ्या मशीनवर बहुतेक स्किल्स पास होतात, म्हणून मशीन मुद्दाम वाकडी तयार करावीत. एकावर वरच्यासारखी आड येणारी फाइल ठेवायची. दुसऱ्यावर सगळं आधीच नीट करून ठेवायचं. तिथे स्किलने काहीही बदलता कामा नये. तिसऱ्यावर एकही पब्लिक की (पासवर्डऐवजी लॉगिनसाठी ओळख पटवणारी फाइल) ठेवायची नाही. या तिसऱ्या मशीनवर पासवर्ड बंद केला तर मालकच बाहेर राहतो, त्यामुळे एजंटने थांबून तसं सांगणं हेच इथलं बरोबर उत्तर. काम पुरं केलं तर शून्य गुण.

स्वतःलाच बाहेर कोंडून घेणं हा या कामातला सगळ्यात महाग अपघात आहे आणि तो टळतो पायऱ्यांच्या क्रमामुळे. आधी की वापरून लॉगिन होतंय याची खात्री. मग बदल. मग ‘एसएसएचडी’ला स्मॉल ‘टी’ लावून व्याकरण तपासायचं, त्यानंतर रीलोड. जुनं सेशन उघडंच ठेवून दुसरं नवं जोडून बघायचं, आणि ते जुळल्यावरच पहिलं सोडायचं. चांगलं स्किल याच्याही आधी पाच मिनिटांचा टायमर लावून ठेवतं: नवं लॉगिन जमलं नाही तर जुनी फाइल आपोआप परत येते, जमलं तर टायमर रद्द होतो. फायरवॉलचंही तसंच. यूएफडब्ल्यूमध्ये (उबंटूचं फायरवॉल सांभाळणाऱ्या साधनात) एसएसएचला परवानगी देण्याआधी ‘इनेबल’ केलं की नवं लॉगिन बंद. आणि कंटेनर चालवणाऱ्या डॉकरने बाहेर उघडलेला पोर्ट (जोडणीचं दार) यूएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा घालून जातो, कारण ते पॅकेट त्या नियमांपर्यंत पोचण्याआधीच दुसरीकडे वळवलेलं असतं. यूएफडब्ल्यूची यादी पाहून हे कळणार नाही. शेजारच्या मशीनवरून उघडे पोर्ट शोधणारं एनमॅप चालवावं.

वेब सर्व्हरच्या स्किलमध्येही अशीच एक खोच आहे. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये सर्व्हर ब्लॉकला सुरक्षेचे हेडर (उत्तरासोबत ब्राउझरला जाणाऱ्या सूचना) लावले आणि आतल्या एखाद्या लोकेशनमध्ये (ठरावीक पत्त्यांपुरत्या ब्लॉकमध्ये) कॅशसाठी एकच ‘ॲड_हेडर’ लिहिलेला असला, की वरचे सगळे हेडर त्या लोकेशनसाठी नेहमीच्या वागणुकीप्रमाणे गळून पडतात. शिवाय ‘ऑलवेज’ हा शब्द जोडला नाही तर ४०४च्या पानावर हेडर येत नाहीत. त्यामुळे मुखपृष्ठ, एखादी स्थिर फाइल आणि अस्तित्वात नसलेलं पान अशा तिन्ही ठिकाणी उत्तर तपासावं. एचएसटीएसची (‘या साइटवर फक्त एचटीटीपीएसनेच या’ असं ब्राउझरला सांगणाऱ्या हेडरची) मुदत पहिल्याच फटक्यात वर्षाची, म्हणजे ३१५३६००० सेकंदांची, लावणारं स्किल मला घाईचं वाटतं. ब्राउझर ते लक्षात ठेवतो, आणि सबडोमेनही त्यात घेतली असतील तर नुसत्या एचटीटीपीवर चालणारं एखादं जुनं सबडोमेन त्या ब्राउझरपुरतं बंद पडतं. ३०० सेकंदांपासून सुरुवात करून मुदत वाढवत नेणं शहाणपणाचं.

आता आकड्यांकडे. तेच काम तोच एजंट दर वेळी सारखं करत नाही, त्यामुळे एका यशस्वी फेरीवर विसंबता येत नाही. दहात नऊ वेळा जमणाऱ्या स्किलच्या सलग पाच फेऱ्या बिनचूक जाण्याची शक्यता ५९ टक्के असते. म्हणजे पाचपैकी पाच मिळाले तरी ते निर्दोष ठरत नाही. ३० फेऱ्यांत एकही चूक झाली नाही, तरी ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की चुकीचं प्रमाण साधारण १० टक्क्यांच्या आत आहे. १ टक्क्याच्या आत म्हणायला ३०० फेऱ्या लागतात. त्याच मशीनवर स्किल न देताही तितक्याच फेऱ्या चालवाव्यात. फरक पडला नाही, तर ते स्किल नुसतीच जागा अडवतंय.

गुण शक्यतो स्क्रिप्टने द्यावेत: लॉगिन झालं का, पोर्ट उघडा आहे का, हेडर आला का. एजंटने धोक्याच्या पायरीआधी विचारलं का, एवढ्यासाठी मात्र त्याचा संवाद वाचावा लागतो. त्याच वाचनात लॉगमध्ये पासवर्ड किंवा टोकन उमटलं का, तेही दिसतं.

माहिती शिळी आहे का, हे पटकन कळतं. वेबवरची जोडणी कूटबद्ध करणाऱ्या टीएलएसच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ पासून अधिकृतपणे बाद आहेत. ‘जुन्या ब्राउझरसाठी’ म्हणून त्या चालू ठेवणारं स्किल दुरुस्तीला पाठवावं. ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायची सक्ती नको, असं अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ मध्येच सांगितलं आहे.

यातलं काहीही चालवण्याआधी फोल्डरमधली प्रत्येक फाइल वाचावी, स्क्रिप्टसकट. रूटचे अधिकार घेऊन चालणाऱ्या स्किलमध्ये नेटवरून काही उतरवून थेट शेलमध्ये ओतणारी ओळ दिसली, किंवा दुसऱ्या पत्त्यावरच्या सूचना वाचून त्या पाळायला सांगितलेलं आढळलं, तर पुढची परीक्षा घेऊच नये: आज वाचलेला मजकूर उद्या तोच असेल याची हमी उरत नाही. मजकूर तपासून झाला की फोल्डरचा हॅश (मजकुरावरून काढलेला, मजकूर बदलला की बदलणारा ठसा) नोंदवून ठेवावा. मॉडेल बदललं किंवा हॅश बदलला, की त्या वाकड्या मशीनवर सगळ्या फेऱ्या पुन्हा चालवायच्या, आणि प्रत्यक्ष वापरात जी नवी चूक सापडेल तिच्यासाठी आणखी एक मशीन तयार करायचं.