बेडकाच्या जिभेखाली राहणारा जंत

उत्तर अमेरिकेतल्या हिरव्या बेडकाचं तोंड हलक्या हाताने उघडून जीभ जरा वर केली ना, तर कधीकधी तिच्याखाली काही मिलिमीटरचा एक चपटा जंत चिकटलेला दिसतो. बेडूक कापावा लागत नाही की मायक्रोस्कोप लागत नाही. हा हॅलिपेगस, पर्णकृमींपैकी म्हणजे पानासारख्या चपट्या परजीवी जंतांपैकी एक. याची अंडी बेडकाच्या पोटातून विष्ठेवाटे पाण्यात जातात, ती गोगलगाय खाते, गोगलगायीत वाढलेली अळी बाहेर पडली की तिला एक अगदी बारीक कवचवाला जीव गिळतो, त्याला चतुराचं पाण्यातलं पिल्लू खातं आणि मग पंख फुटलेला तो चतुर बेडकाने पकडला की जंत पुन्हा जिभेखाली हजर. चार घरं! यातलं एक जरी तळ्यातून गेलं तरी सगळी साखळी तुटते, त्यामुळे जिभेखाली हा जंत सापडला म्हणजे ही सगळी मंडळी आसपास आहेत असं समजायला हरकत नाही.

जंत म्हटलं की किळस येते, मान्य आहे. पण बेडूक, साप, कासवं यांच्यातले जंत बघायला लागलं की कळतं की यांनी आपल्या यजमानाची दिनचर्या अक्षरशः पाठ केलेली असते, तो काय खातो, पाण्यात कधी उतरतो, श्वास कसा घेतो, सगळंच. बेडकाच्या फुप्फुसात राहणारा आणखी एक पर्णकृमी आहे, त्याची अळीसुद्धा चतुराच्या पिल्लातूनच बेडकापर्यंत जाते, आणि ती पिल्लात शिरते कशी तर हे पिल्लू श्वासासाठी मागच्या बाजूने पाणी आत ओढतं, त्या पाण्याबरोबर अळीही आत खेचली जाते.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण मात्र वाळवंटातलं आहे. अमेरिकेच्या सोनोरा वाळवंटात स्पेडफूट नावाचा टोड (बेडकाचाच एक प्रकार) राहतो, तो वर्षातले जवळजवळ दहा महिने जमिनीखाली गाडून घेऊन काढतो. उन्हाळ्यातल्या पावसाने डबकी भरली की रात्री वर येतो, काही तास पाण्यात मिलन होतं आणि परत कोरड्यात. आता याच्या मूत्राशयात एक जंत असतो, स्यूडोडिप्लॉर्किस, रक्तावर जगणारा. त्याच्या पिल्लांना पाण्यातून पोहतच दुसरा टोड गाठावा लागतो, म्हणजे वर्षभरात संधी फक्त त्या मोजक्या रात्रींची. मग हा जंत काय करतो, तर अंड्यांमध्ये पिल्लं पूर्ण वाढवून ती आपल्या पोटातच सांभाळून ठेवतो, महिनोन्महिने, आणि टोड जोडीदाराबरोबर पाण्यात असताना ती सोडून देतो. पिल्लं पोहत जाऊन दुसऱ्या टोडच्या नाकपुड्यांतून आत घुसतात, काही आठवडे फुप्फुसात वाढतात, मग जठरातलं आम्ल आणि अख्खं आतडं पार करून मूत्राशयात पोचतात. नर रात्रीमागून रात्री पाण्यात बसून ओरडत असतात, म्हणून त्यांच्यात हे जंत जास्त सापडतात. परजीवींचे अभ्यासक रिचर्ड टिन्सली यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय.

सगळेच इतके शांतपणे राहत नाहीत. 1995 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात शाळेच्या मुलांना एका तळ्यावर वेडेवाकडे पाय असलेले बेडूक सापडले आणि मोठी खळबळ उडाली, कीटकनाशकं, अतिनील किरणं अशी बरीच कारणं पुढे आली. 1999 मध्ये संशोधक पीटर जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत बेडूकमाशांना रिबेरोइया या पर्णकृमीच्या अळ्यांसोबत ठेवलं, तर त्यांनाही तसेच जादा किंवा अपुरे पाय आले. अळ्या जिथे पाय फुटायचे असतात नेमक्या तिथे घुसतात. असा बेडूक नीट उडी मारू शकत नाही, तो पक्ष्याच्या तावडीत लवकर सापडतो, आणि या जंताला मोठं व्हायला बहुतेकदा पक्ष्याचं पोट लागतं! शेतातली खतं तळ्यात उतरली की शेवाळ वाढतं, ते खाऊन गोगलगायी वाढतात आणि त्यांच्याबरोबर हा जंतही, म्हणजे आपला हात यात आहेच.

सरपटणाऱ्यांमध्ये चित्र वेगवेगळं आहे. जमिनीवरच्या पालाखाऊ कासवांच्या आतड्यात बारीक गोलकृमी हजारोंनी असतात आणि कासव बऱ्याचदा ठणठणीत असतं. समुद्री कासवांच्या रक्तवाहिन्यांमध्ये राहणारे पर्णकृमी मात्र वाईट, त्यांची अंडी रक्ताबरोबर मेंदूपर्यंत जाऊन अडकतात.

आणि क्वचित हे जंत चुकून माणसातही येतात. 2022 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरात 64 वर्षांच्या एका बाईंच्या मेंदूतून न्यूरोसर्जन हरिप्रिया बंदी यांनी 8 सेंटिमीटरचा जिवंत जंत बाहेर काढला. तो कार्पेट पायथन या अजगराचा जंत होता. त्या बाई तळ्याकाठची रानभाजी तोडून आणायच्या, अजगराच्या विष्ठेतली अंडी त्या पानांवरून पोटात गेली असावीत असा डॉक्टरांचा अंदाज आहे. एरवी ही अंडी छोट्या सस्तन प्राण्यांच्या पोटात जातात, तिथे अळ्या तयार होतात आणि अजगराने तो प्राणी गिळला की जंत आपल्या घरी पोचतो. माणसाला अजगर खात नाही, त्यामुळे ती अळी अळीच राहिली आणि शरीरभर फिरत शेवटी मेंदूत गेली.