व्हेपर लॉक की फाटका डायफ्रॅम?

मे महिन्याच्या दुपारी खंबाटकी चढताना जुनी पेट्रोल जीप दोन-तीन गचके देते आणि गप्प होते. बॉनेट उघडलं की बघ्यांपैकी कोणीतरी निदान करतोच, ‘पंप गेला.’ खरं तर पुष्कळदा पंप ठणठणीत असतो, पेट्रोल वाटेतच उकळलेलं असतं.

हे महिंद्राच्या हरिकेन इंजिनवाल्या सीजे-३बी जीपबद्दल. टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, पंप इंजिनाच्या ब्लॉकवर. इंजिनाबरोबर फिरणारा कॅमशाफ्ट पंपाचा दांडा हलवतो, दांडा डायफ्रॅम, म्हणजे पंपातला लवचिक पडदा, ओढतो आणि टाकीतून पेट्रोल खेचलं जातं. मग स्प्रिंग डायफ्रॅमला परत ढकलते, पेट्रोल कार्ब्युरेटरकडे, म्हणजे त्यात हवा मिसळणाऱ्या भागाकडे, जातं. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंत सगळं काम ओढून चालतं. ओढ लागली की पाइपातला दाब उतरतो, आणि दाब उतरला की पेट्रोल एरवीपेक्षा कमी तापमानाला उकळतं. पाइप एक्झॉस्टला, म्हणजे धुराच्या तापलेल्या नळीला, खेटून गेला असेल तर बघायलाच नको. पंपात वाफ शिरते, नुसती आकुंचन-प्रसरण पावत राहते, पुढे काही सरकत नाही. हा व्हेपर लॉक.

फाटक्या डायफ्रॅमची लक्षणं सुरुवातीला अगदी अशीच: चढावर दम लागतो, गचके बसतात. फरक नंतर कळतो. व्हेपर लॉक झालेली जीप सावलीत अर्धा तास उभी केली, पंपावर ओलं फडकं टाकलं, की काही झालंच नाही अशा थाटात सुरू होते. डायफ्रॅम फाटला असेल तर गार इंजिनावरही रडगाणं सुरूच राहतं. पंपाच्या अंगाला एक बारीक भोक असतं, तिथून पेट्रोल ठिबकायला लागलं तर शंकेला जागा उरत नाही.

डिपस्टिक (इंजिन ऑइलची पातळी बघायची पट्टी) मात्र दोन्ही वेळा काढून बघा, हुंगा. ऑइलला पेट्रोलचा वास येतोय, पातळी आपोआप वाढलीय, तर फाटक्या डायफ्रॅममधून पेट्रोल क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल असतं तिथे, उतरलं असण्याची दाट शक्यता आहे. अशी गाडी ‘गॅरेजपर्यंत तरी’ म्हणूनही चालवू नये. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला वाचवत नाही, आणि आगीचा धोका वेगळाच.

एक तिसरा बहुरूपीही आहे. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं की टाकीत निर्वात पोकळी होते आणि पंप कितीही ओढो, पेट्रोल येत नाही. बंद पडल्यावर झाकण उघडलं आणि ‘सुस्स’ आवाज आला, तर पंपाला शिव्या देऊ नका.

उपाय वेगळे, म्हणून निदान आधी. व्हेपर लॉकला पाइप एक्झॉस्टपासून लांबून फिरवणं, मध्ये पत्र्याचा आडोसा, कार्ब्युरेटरखाली उष्णता अडवणारा स्पेसर, म्हणजे मध्ये बसवायचा जाड तुकडा. नवा पंप घालून यातलं काहीच सुटत नाही. डायफ्रॅम बदलताना मात्र जुन्या स्टॉकमधला साध्या रबराचा घेऊ नका. इथेनॉल मिसळलेल्या आजच्या पेट्रोलला टिकेल असाच मागा, नाहीतर तो पुन्हा कडक होऊन चिरतो. आणि ऑइल बदलल्याशिवाय स्टार्टरला हात लावू नका.