पिल्सनर, घरगुती

पिल्सनर ही तळाशी बसणाऱ्या यीस्टने थंडीत आंबवलेली आणि त्याहून अधिक थंडीत मुरवलेली, फिकट सोनेरी व हॉप्सचा (एका वेलीच्या कडसर फुलांचा) कडवटपणा ठळक असलेली लागर बिअर होय. घरगुती प्रमाणात ती साधारण २० लिटरच्या घाण्यात केली जाते. माल्ट, पाणी, हॉप्स आणि यीस्ट एवढेच जिन्नस तिला लागतात. भाजक्या धान्याचा रंग किंवा फळांसारखा वास नसल्यामुळे तिच्यात कोणतीही चूक लपत नाही. कृती सोपी असली तरी या बिअरचा खरा पाचवा जिन्नस थंडी आहे, आणि ही गोष्ट नागपूरच्या हवामानाशी ताडून पाहिली की सर्वांत स्पष्ट होते.

या बिअरचा जन्म बोहेमियातील (आजच्या चेक प्रजासत्ताकातील) पिल्झेन शहरात झाला. तेथील बिअर इतकी बिघडत असे की १८३८ मध्ये नागरिकांनी ३६ पिंपे भर रस्त्यात ओतून दिली. त्यानंतर उभारलेल्या नव्या ब्रुअरीत बव्हेरियाच्या जोसेफ ग्रोलने ५ ऑक्टोबर १८४२ रोजी पहिला घाणा घातला. फिकट माल्ट, झातेत्स परिसरातील साझ हॉप्स, अतिशय मृदू पाणी आणि थंड तळघरे हे सारे तिथे एकत्र आले. ‘लागर’ हा शब्दच ‘साठवणे’ या अर्थाच्या जर्मन क्रियापदावरून आला आहे. या बिअरचे किण्वन, म्हणजे आंबवण, करणारे सॅकरोमायसीज पास्टोरियानस हे यीस्ट दोन जातींचा संकर आहे. त्यातील थंडी सोसणारी सॅकरोमायसीज युबायानस ही जात दक्षिण अमेरिकेतील पॅटागोनियाच्या जंगलात सापडल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले.

ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरगुती बिअरसाठी परवाना लागत नाही आणि अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने तिला केंद्रीय स्तरावर मुभा मिळाली. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे. नागपूर शहर याच कायद्याखाली येते, आणि लगतच्या वर्धा जिल्ह्यात तर संपूर्ण दारूबंदी आहे. म्हणून पुढील कृती मुभा असलेल्या देशांतील समजावी. नागपूरचा संदर्भ पाणी आणि हवामान यांचा परिणाम समजावा एवढ्यासाठीच घेतला आहे.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. नाचणीला मोड आणून सत्त्व करणाऱ्या घरांना ही प्रक्रिया नवी नाही, कारण मोड येताना धान्यात तयार होणारी विकरेच दोन्हीकडे कामाला येतात. २० लिटरसाठी सुमारे सव्वाचार किलो पिल्सनर माल्ट भरडून मलमलच्या पिशवीत घालतात आणि ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात. या तापमानाला विकरे स्टार्चची साखर करतात. तापमान ७० च्या वर गेले तर न आंबणाऱ्या शर्करा वाढून बिअर जडशी लागते. स्टार्च संपला की नाही हे पाहण्यासाठी पांढऱ्या बशीत रसाचा एक थेंब घेऊन त्यावर आयोडीनचा थेंब सोडावा: रंग निळा-काळा झाला तर आणखी थांबावे, पिवळसर तपकिरी राहिला तर पुढे जावे. पाण्याची निवड इथेच महत्त्वाची ठरते. नागपूरला नळाचे पाणी मुख्यतः पेंच प्रकल्प आणि कन्हान नदीतून येते व ते क्लोरिनयुक्त असते. हा क्लोरिन राहून गेला तर बिअरला औषधासारखा वास येतो, म्हणून पाणी आदल्या दिवशी उकळून ठेवावे लागते. बोअरवेलचे पाणी बहुधा जड असते आणि त्यातील कार्बोनेटमुळे हॉप्सचा कडवटपणा घशाला ओरखडणारा होतो. असे पाणी निम्म्याहून अधिक आरओच्या पाण्यात मिसळणे हाच त्यावरचा उपाय आहे.

यानंतर वर्ट, म्हणजे गाळलेला गोड रस, झाकण न ठेवता ९० मिनिटे उकळतात. हा वेळ वाचवू नये. फिकट माल्टमध्ये असलेल्या एका घटकापासून उकळताना डायमिथिल सल्फाइड तयार होते. ते वाफेबरोबर निघून गेले नाही तर बिअरला उकडलेल्या मक्याचा वास येतो. साझसारखे ३ ते ४ टक्के अल्फा आम्ल (कडवटपणा देणारा घटक) असलेले हॉप्स घेतल्यास शेवटच्या तासाच्या सुरुवातीला ६० ग्रॅम, शेवटची १५ मिनिटे उरली असता ३० आणि आच बंद करताना ३० ग्रॅम घालावेत. पहिल्या हप्त्याने कडवटपणा येतो, शेवटच्याने सुगंध. (भारतात हॉप्सची लागवड हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात होते, नागपूरच्या अक्षांशावर उन्हाळ्यातला दिवस या वेलीला पुरेसा लांब नसतो.)

आता वर्ट झपाट्याने १० अंशांवर आणायचा असतो, आणि इथे नागपूरचा उन्हाळा आडवा येतो. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी दुपारी हाताला चटका देते. ते वर्टमध्ये बुडवलेल्या तांब्याच्या नळीतून कितीही फिरवले तरी वर्ट त्या पाण्यापेक्षा थंड होणे शक्य नसते, त्यामुळे शेवटचा टप्पा बर्फानेच गाठावा लागतो. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. भांड्याभोवती ओले कापड गुंडाळून कूलरसमोर ठेवण्याचा उपाय कोरड्या हवेत आकर्षक वाटतो, पण ४४ अंश तापमान आणि १५ ते २० टक्के आर्द्रता असताना बाष्पीभवनाने पाणी फार तर २३ ते २५ अंशांपर्यंत उतरते. माठाला तेवढे पुरते, लागरला नाही. लागर यीस्ट ८ ते १२ अंशांत नितळ चव देते आणि २० च्या पुढे फळांसारखे व सॉल्व्हंटसारखे वास सोडू लागते. डिसेंबर-जानेवारीत रात्री १० ते १३ अंशांपर्यंत उतरतात, २९ डिसेंबर २०१८ ला तर पारा ३.५ वर आला होता. तरी दुपारी २८ अंशांचे ऊन पडते, आणि यीस्टला रात्रीच्या थंडीइतकीच तापमानाची स्थिरता लागते. शिवाय किण्वनाची स्वतःची उष्णता आतले तापमान खोलीपेक्षा दोन-तीन अंशांनी वाढवते. म्हणून फ्रिज आणि बाहेरून जोडलेला तापमान नियंत्रक यांना पर्याय नाही. नियंत्रकाचा सेन्सर फ्रिजच्या हवेत लोंबकळत न ठेवता भांड्याला चिकटवून वरून फोमने झाकावा.

२० लिटरला कोरड्या यीस्टची साडेअकरा ग्रॅमची दोन पाकिटे लागतात, म्हणजे एलच्या (उबदार तापमानाला आंबवलेल्या बिअरच्या) जवळपास दुप्पट. एक-दोन दिवसांत पांढरा फेस चढतो आणि त्यावर हॉप्सचे तपकिरी कण जमतात. सुरुवातीचे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेतली घनता, साखर आंबत जाते तशी ती उतरते) १.०४६ असेल तर ते १.०१० च्या आसपास स्थिरावते. त्याआधी, सुमारे तीन-चतुर्थांश साखर संपल्यावर, तापमान १६ ते १८ अंशांवर नेऊन दोन-तीन दिवस ठेवतात, म्हणजे लोण्याचा वास देणारे डायअॅसिटिल यीस्ट स्वतःच शोषून घेते. ते गेले की नाही हे ओळखण्याची युक्ती साधी आहे: दोन झाकणबंद पेल्यांत नमुना घ्यावा, एक २० मिनिटे ६० अंशांच्या पाण्यात ठेवावा, निववावा आणि दोन्ही हुंगावेत. गरम केलेल्या नमुन्यात लोणी जाणवले तर आणखी थांबावे.

मग ० ते ४ अंशांवर चार ते सहा आठवडे मुरवण. या काळात यीस्ट आणि प्रथिने खाली बसून बिअर काचेसारखी होते. या टप्प्याला कोणताही जवळचा मार्ग नाही.

बाटलीत भरताना आत वायू तयार होण्यासाठी लिटरला सहा-सात ग्रॅम साखर पुरते. किण्वन अर्धवट असताना बाटल्या भरल्या तर त्या फुटतात, आणि तापलेल्या खोलीत लवकर फुटतात. म्हणून तीन दिवस गुरुत्व न बदलल्याची खात्री करूनच भराव्यात. बाटल्या तपकिरी काचेच्याच घ्याव्यात. हॉप्सच्या कडू घटकांवर सूर्यप्रकाश पडला की गंधकयुक्त, उग्र वासाचे संयुग तयार होते. पारदर्शक बाटलीत त्याला नागपूरच्या उन्हात काही मिनिटेच लागतात, आणि एकदा आलेला तो वास पुन्हा थंड केल्याने जात नाही.